फडक्याखालचा आकडा

साखरपुड्याची पंगत उठली, पाहुणे सुपारी चघळत ओसरीवर टेकले, तेव्हा रायाप्पा हळूच आप्पाण्णाच्या कानाशी आला.

"आप्पाण्णा, जावई लई देखणा गावला रं तुला. शिकलेला, कालिजात नोकरी. फकस्त एक इचारू?"

"इचार की."

"लसूण खातो काय त्यो?"

आप्पाण्णाने मान वळवून त्याच्याकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर तिथून उठून गेला असता. पण रायाप्पा तंबाखूचा दलाल होता आणि आप्पाण्णाही तंबाखूचाच दलाल. निपाणीच्या पेठेत असल्या नजरांना कुणी भीत नसे.

"जैनाच्या घरात बसून काय बोलायलास?"

"म्या कुठं काय बोलतोय? पंगतीत शेजारी बसलो हुतो. त्यानं माझ्याकडं वळून 'काका, भात घ्या' म्हटलं. भाताआधी वास आला."

आता आप्पाण्णाची पंचाईत अशी, की संशय घेणं हाच त्याचा धंदा. पोत्याच्या तोंडाशी कुरकुरीत तंबाखू आणि तळाशी ओली माती, हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं. त्यामुळे पहिला संशय जावयावर न जाता रायाप्पावर गेला. गेल्या साली रायाप्पाने आपल्या थोरल्या पोरासाठी आप्पाण्णाच्या ब्राह्मीला मागणी घातली होती आणि आप्पाण्णाने 'पोरगी अजून लहान हाय' म्हणून ती परतवली होती. पोरगी एका वर्षात मोठी झाली, ती नेमकी बेळगावच्या नेमिनाथासाठी. हे रायाप्पाच्या खाती नावे पडलेलं असणार, आणि माणूस वसुली कोणत्या वाटेने करील सांगता येत नाही. एवढं सगळं खरं. तरी वास म्हणजे वास. तो काही रायाप्पाच्या मालकीचा नव्हे.

आप्पाण्णा विड्याचं तबक घेऊन स्वतः जावयापुढे गेला. सासऱ्याने तबक धरायची रीत नाही. नेमिनाथ गडबडून उठला. "मामा, तुम्ही कशाला?" एवढंच बोलला.

तेवढं पुरलं. लसूणच. जुना, अंगात मुरलेला, उन्हात ठेवलेल्या पाकळीसारखा.

पाहुणे गेल्यावर आप्पाण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला. पद्मावती भांडी आवरत होती.

"आज आमटीत हिंग घातलावतास?"

पद्मावतीचा हात थांबला. "तुमास्नी बी आला म्हणा की."

"म्हंजे तुला बी?"

"ओवाळताना आला. म्हटलं आपल्या मनाचा खेळ असंल."

ज्या घरात जमिनीखाली वाढलेलं काही म्हणून येत नाही, दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही, त्या घरात साखर खाऊन गेलेला जावई लसणाचा निघावा! आणि लसूण लपवणारा आणखी काय काय लपवत असेल, हा पुढचा हिशेब आप्पाण्णाने करून टाकला.

दाराआडून ब्राह्मी म्हणाली, "अण्णा, वास कसला घेत फिरताय? सरळ त्यास्नी इचारा की."

"इचारलं तर मानूस खोटं बोलंल. नाक खोटं बोलत न्हाय."

"रायाप्पाकाकाचं नाक बी?"

पोरगी सातवी पास झाली तेव्हाच पद्मावतीने बजावलं होतं, की आता हिच्याशी बोलताना जपून बोला.

*

बेळगावला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत आप्पाण्णाशेजारी रायाप्पा बसला होता. त्याला बरोबर घेण्याचं कारण प्रेम नव्हे. सोयरीक मोडायचीच झाली, तर पेठेत पहिली गोष्ट रायाप्पा सांगणार. मग त्याने ऐकीव सांगण्यापेक्षा डोळ्यांनी बघून सांगितलेलं बरं. रायाप्पा आला तो साक्षीला म्हणून, आणि बेळगावाअलीकडचं काकती गाव मागे पडेपर्यंत आपल्या थोरल्याचे गुण सांगत आला.

नेमिनाथ बेळगावच्या ठळकवाडीत यशोदाबाई नावाच्या विधवेच्या घरी मागच्या खोलीत राहत असे. कॉलेजात तो पदार्थविज्ञानाचे प्रयोग मुलांकडून करवून घेई. उरलेला वेळ खोलीत काय करतो, ते यशोदाबाईलाही नीट ठाऊक नव्हतं.

"मुलगा गुणाचा आहे हो," ती दोघांना अंगणातच म्हणाली, "पण शिजवतो काय, कोण जाणे. महिनाभर झालं, कुजका मुळा जाळल्यासारखा वास येतोय. मी म्हटलं, अरे, मुळाच खायचा तर ताजा आणून देते."

रायाप्पाने आप्पाण्णाकडे बघितलं. तोंडाला लसूण, खोलीत मुळा. आता बटाटा आणि कांदा निघाला की बाजार भरला.

"एकटाच हाय का आत?" आप्पाण्णाने विचारलं.

"कुणीतरी आलंय मघाशी. मोठं पागोटं आहे. खालच्या आवाजात बोलत बसलेत."

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. खिडक्यांना आतून जाड कांबळी लावलेली. भर दुपारी आत अंधार करून बसणाऱ्या माणसाबद्दल आप्पाण्णाचं मत कधीच चांगलं नव्हतं. त्याने फटीला डोळा लावला.

आत एका दिव्याच्या उजेडात नेमिनाथ आणि एक पागोटेवाला म्हातारा समोरासमोर बसले होते. मध्ये काळं फडकं. नेमिनाथाचा उजवा हात फडक्याखाली. म्हाताऱ्याचाही उजवा हात फडक्याखाली. नेमिनाथ भिंतीकडे बघत सावकाश आकडे बोलत होता.

"पंधरा... पंधराच... जरा पुढं सरक... सोळा."

निपाणीत जन्मलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. तंबाखूचा भाव चारचौघांत तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात, दाबतात, सोडतात. वरच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही आणि खाली शेकड्यांचे सौदे होऊन जातात. दोन माणसांचे हात एका फडक्याखाली असले, की त्याचा अर्थ एकच.

रायाप्पाने दुसऱ्या फटीतून बघितलं आणि हलकेच म्हणाला, "आप्पाण्णा, दुसऱ्या पोरीचा बाप हाय रं त्यो. हुंडा चाललाय."

"सोळा," आत नेमिनाथ म्हणाला. "आता कोपरा उचल. हळू. हां... तीस... पन्नास... एकाहत्तर!"

आणि असा आनंदाने हसला, की आप्पाण्णाच्या अंगाचा तिळपापड झाला. रुमालाचा कोपरा उचलतात तो सौदा पक्का झाल्यावर. सोळाचे एकाहत्तर! आपली साखर खाऊन हा माणूस काळ्या फडक्याखाली स्वतःचा भाव वाढवत बसला आहे!

दार धाडकन उघडलं. "ह्या सौद्यात माझा बी हात हाय!" असं ओरडून आप्पाण्णाने, उभ्या आयुष्यात हजारदा घातला होता तसा, आपला हात फडक्याखाली खुपसला.

आत बोटं नव्हती. थंडगार काच होती, तारा होत्या, आणि कोपरापर्यंत झिणझिणी गेली. हात मागे ओढताना काहीतरी कट्कन मोडलं.

नेमिनाथाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. नुसता त्यातला रंग उतरला. त्याने फडकं काढलं. एका लाकडी पेटीत, दोन तारांच्या मध्ये, करड्या रंगाची सुईसारखी काडी दोन तुकडे होऊन पडली होती.

"हा माझा सगळ्यात चांगला स्फटिक होता, मामा," तो म्हणाला.

पागोटेवाला म्हातारा उठून हात जोडून उभा राहिला. "मी मष्णू, कंग्राळीचा. कालिजात शिपाई हाय. साहेबांनी सुटीला मदतीला बोलावलंवतं."

"ह्यो दुसऱ्या पोरीचा बाप न्हवं?" रायाप्पाने हिरमुसून विचारलं.

"मला चार पोरंच हाईत, आण्णा. पोरगी न्हाय."

*

आप्पाण्णा ओशाळला, पण ओशाळलेला दलाल जास्तच चिकित्सक होतो. "ह्ये काय हाय, ते दावा आदी," तो म्हणाला.

नेमिनाथाने त्याहून बारका दुसरा स्फटिक तारांमध्ये बसवला. सेलेनियम नावाचा पदार्थ काचेच्या नळीत घालून भट्टीत तापवायचा. त्याची वाफ नळीच्या थंड टोकाला जाऊन बसते आणि त्यातून या सुया हळूहळू वाढतात, असं त्याने सांगितलं. अंधारात ही सुई विजेला वाट देत नाही, दिली तर अगदी नावापुरती. उजेड पडला की देते. किती उजेडाला किती, आणि सुईच्या लांबीतून किती, रुंदीतून किती, एवढंच तो मोजत होता. भिंतीवर आकड्यांची पट्टी होती आणि तिच्यावर उजेडाचा एक ठिपका थरथरत होता. वीज वाढली की ठिपका पुढे सरके.

"तोंडानं सांगू नका," आप्पाण्णा म्हणाला. "ह्या मष्णूला भाईर काढा. पायानं काय दाबत असंल."

मष्णू बाहेर गेला.

"तुम्ही बी त्या कोपऱ्यात बसा. हात मला दिसले पायजेत."

नेमिनाथ कोपऱ्यात जाऊन, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून बसला. आप्पाण्णाने फडकं टाकलं. ठिपका मागे आला. उचललं. ठिपका पळाला. पुन्हा टाकलं, या खेपेला रायाप्पाला भिंतीशी उभं करून ठिपक्यावर नजर ठेवायला सांगितलं, कारण रायाप्पाने नेमिनाथाच्या बाजूने खोटं बोलणं शक्यच नव्हतं.

"आला मागं," रायाप्पा नाइलाजाने म्हणाला. "पर लगेच न्हाय आला. रेंगाळत आला."

"उजेड गेल्यावरही थोडी याद राहते त्याला," नेमिनाथ कोपऱ्यातून म्हणाला.

आप्पाण्णा बराच वेळ फडकं खाली-वर करत बसला. जन्मभर तो वखारीच्या दारातल्या उजेडात माल पारखत आला होता. इथे मालच उजेड पारखत होता. हे त्याला आवडलं, पण आवडल्याचं त्याने तोंडावर येऊ दिलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "सौदा न्हवता, मानलं. आता लसणाचं सांगा."

नेमिनाथाने मान खाली घातली. वीज, उजेड, स्फटिक यांवर घडाघडा बोलणारा माणूस एका शब्दाला मुका झाला, तेव्हा आप्पाण्णाला पोत्याच्या तळाशी हात लागल्यासारखं वाटलं.

"लसूण नाही खात मी. शपथ घेतो. हे तापवताना जो धूर सुटतो त्याला कुजक्या मुळ्यासारखा वास असतो. आणि तो अंगात गेला, की... की श्वासाला लसणाचा वास येतो."

"अंगात गेला की? मंजी इख हाय त्ये?"

"फार गेलं तर."

"तुमचं किती गेलंय?"

"ठाऊक नाही, मामा. वास येतोय म्हणजे गेलंय."

"साखरपुड्याला आलतात तवा ठावं हुतं?"

"होतं."

"मग बोलला का न्हाईस?" रागात आप्पाण्णाचं 'तुम्ही' गळून पडलं.

"बोललो असतो तर मुलगी दिली असतीत?"

रायाप्पाच्या चेहऱ्यावर दिवाळी आली. लसूण असता तर प्रायश्चित्त घेऊन भागलं असतं. विषावर प्रायश्चित्त नाही. आप्पाण्णाला मात्र वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. त्याचं नाक खरं ठरलं होतं, संशय खरा ठरला होता, आणि इतका चांगला माल तळाशी ओला निघाला होता.

"वखारीत तंबाखू चाळताना बाया तोंडाला फडकं बांधून वाऱ्याला पाठ देऊन बसत्यात," जाता जाता तो म्हणाला. "आन् तू कांबळी लावून भट्टीवर तोंड धरतोस. शिकलास कशाला एवढा?"

*

मोटारीत रायाप्पाने थोरल्याचा विषय पुन्हा काढला. आप्पाण्णाने डोळे मिटून घेतले.

घरी त्याने ब्राह्मीला सगळं सांगितलं. स्फटिक, उजेड, धूर, विष. सांगताना एक गोष्ट वगळली.

"आणि त्यो खडा मोडला कुणी?" ब्राह्मीने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"रायाप्पाकाका मोटारीतनं उतरल्यापास्नं पेठभर सांगत सुटल्यात."

पद्मावतीने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती कळेना. आप्पाण्णा भिंतीकडे बघत म्हणाला, "सोयरीक मोडतो मी. उद्या साखर परत धाडतो."

"त्यास्नी हिकडं बोलवा," ब्राह्मी म्हणाली. "मला इचारायचं हाय."

"पोरीनं नवऱ्याला इचारायचं? लगनाआदी?"

"लगनानंतर इचारून काय उपेग, अण्णा?"

रीत सोडून होतं. पण पद्मावती मध्ये पडली. "मी उंबऱ्यात बसते. आमटी ढवळत. रीत माझ्याकडं बघंल."

नेमिनाथ पुढच्या रविवारी आला. ओसरीच्या कडेला, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बसला. तेवढं तरी शिकून आला होता. ब्राह्मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आप्पाण्णा आत पाटावर बसून ऐकत होता आणि ऐकत नसल्याचं दाखवत होता.

"लसूण खाल्ला असता तर मी रागावले असते आणि इसरले असते," ब्राह्मी म्हणाली. "ह्ये इख तुमच्या अंगात जातंय, ते तुमच्या आईला ठावं हाय?"

"नाही."

"मला कवा सांगणार हुता?"

नेमिनाथ म्हणाला, "लग्न झाल्यावर."

आत आप्पाण्णाने मांडीवर हात मारला. असा जबाब पेठेत दिला असता तर माणूस जागेवर बुडाला असता.

"खरं बोललात म्हणून अजून हुबी हाय," ब्राह्मी म्हणाली. "नायतर आत गेले असते. ते मोजायचं सोडणार हायसा का?"

"सोडवत नाही," नेमिनाथ म्हणाला. मग घाईघाईने, "पण भट्टी खोलीतून काढली. कॉलेजच्या मागं उघडी पडवी आहे, तिथं नेली. मष्णू म्हणतो, तिथं डोंबाऱ्याचा खेळ असल्यासारखी गर्दी जमते. नळी फोडताना तोंडाला ओलं फडकं बांधतो."

"सोडा म्हणत न्हाय मी. पर तोंडाचा वास जाईस्तवर लगीन न्हाय. आणि गेलाच न्हाय, तर लगीनच न्हाय. पटतंय?"

"वास गेला की नाही, हे ठरवणार कोण?"

ब्राह्मीने आत बघितलं. पद्मावतीने आत बघितलं. आप्पाण्णा खाकरला.

*

त्यानंतर आप्पाण्णाच्या बेळगावच्या खेपा वाढल्या. पेठेत तो सांगे, की तिकडच्या विडीवाल्यांशी बोलणी चालली आहेत. कुणाचा विश्वास बसत नसे, कारण विडीवाल्यांकडे जाताना कुणी सकाळपासून तपकीर वर्ज्य करत नाही.

तो ठळकवाडीत जाई, न सांगता जाई, दर खेपेला वेगळ्या वेळी जाई. नेमिनाथाला समोर बसवी, "बोला," म्हणे, आणि नाक पुढे करी. नेमिनाथ काय बोलणार? तो प्रकाशाचे रंग सांगे: तांबड्या उजेडाला सुई कशी वागते, निळ्याला कशी. आप्पाण्णा एक शब्दही मनावर न घेता वास घेई. "हाय अजून," म्हणे, आणि परतीची मोटार पकडी. यशोदाबाईला वाटलं, हा सासरा जावयाचा मुका घ्यायला येतो; तिने शेजारी तसं सांगितलंही.

वास हळूहळू उतरला. आधी लसूण, मग लसणाची शंका. रायाप्पाने मध्ये एकदा निरोप धाडला, की थोरला अजून बिनलग्नाचा आहे. आप्पाण्णाने उलट निरोप धाडला, की आमची पोरगी अजून लहान हाय.

आणि एके दिवशी नेमिनाथाने तोंड उघडलं तर वेलदोड्याचा वास आला.

आप्पाण्णा मागे सरकला. "वेलदोडा कशाला खाल्लास?"

"कॉलेजात एकाला मुलगा झाला. पेढा वाटला. त्यात होता."

"आजच झाला? मी येणार त्याच दिवशी?"

"मामा, त्याला तुम्ही येणार हे ठाऊक नव्हतं."

"तुला ठावं हुतं काय?"

"मलाही नव्हतं."

हे पटण्यासारखं होतं, म्हणूनच आप्पाण्णाला ते पटलं नाही. त्याने तांब्याभर पाणी मागवून नेमिनाथाला चुळा भरायला लावल्या. मग त्याला अंगणात तुळशीपाशी बसवलं आणि स्वतः समोरच्या पायरीवर, त्याने खिशातून काही काढून तोंडात टाकू नये म्हणून, डोळे न हलवता बसून राहिला. उन्हं भिंतीवरून उतरली. नेमिनाथाने एकदा उठायचा प्रयत्न केला, तर "बस," म्हणाला.

मग वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. काहीच नाही.

आता संशय एकच उरला, आपल्याच नाकावर. चाळीस वर्षं तंबाखूत गेलेलं नाक. दगा देऊ शकतं. त्याने यशोदाबाईला हाक मारली. "अहो, इश्श," म्हणून ती आत पळाली. मष्णूला कॉलेजातून बोलावून आणलं. मष्णूने साहेबांच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटले, उघडले.

"चुळा भरल्याल्या पाण्याचा वास येतोय, मालक."

संध्याकाळच्या मोटारीने आप्पाण्णा निपाणीला उतरला. घरी न जाता जैन बस्तीच्या देवळाशेजारच्या उपाध्यांकडे गेला. उपाध्ये दिवस मावळायच्या आत जेवून ओसरीवर बसले होते.

"तिथी काढायची हाय," आप्पाण्णा म्हणाला.

"लसणाचं मिटलं काय?" उपाध्यांनी विचारलं. पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं असं नव्हतंच.

"मिटलंय."

"मंग ही जवळची बघा. दशमी. लई चांगली हाय."

आप्पाण्णाने खांद्यावरचा पंचा सारखा केला.

"जवळची नगं," तो म्हणाला. "पुढची काढा. मधल्यामधी आणिक दोनदा वास घिऊन येतो."